परवडणारे घर, पायदार घर : कडोदऱ्याच्या कामगारवस्तीच्या संदर्भात पूर्वनिर्मित निवाऱ्याची समीक्षा

अन्न, वस्त्र आणि निवारा ही माणसाच्या मूलभूत गरजांची यादी शालेय पाठ्यपुस्तकापासून सर्वांच्या परिचयाची आहे. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे गाव या यादीच्या कसोटीवर तपासले तर एक विलक्षण विसंगती समोर येते. कडोदऱ्यापासून बारडोलीकडे जाताना उसाची शेती आणि साखर कारखाने लागतात. गावाच्या आसपास वरेली, तांतीथैया, जोळवा येथे कापड रंगवणाऱ्या व छापणाऱ्या मिल आणि यंत्रमागाचे कारखाने आहेत. देशभराच्या चहातली साखर आणि देशभराच्या बाजारातली साडी ज्या हातांतून जाते, त्याच हातांना यादीतली तिसरी वस्तू मात्र मिळालेली नाही. निवाऱ्याच्या जागी त्यांच्याकडे भाड्याची खोली आहे, आणि त्या खोलीतही अनेकदा पूर्ण खोली नव्हे, तर एका पाळीपुरती झोपण्याची जागा आहे.

मराठी वाचकाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. सुरतेपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या कडोदऱ्यात दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पूर्वीचा क्रमांक ८ म्हणजे आजचा ४८ मुंबईकडे जातो. पूर्वीचा ६ म्हणजे आजचा ५३ बारडोली, नवापूरमार्गे धुळ्याकडे जातो. या दुसऱ्या रस्त्याने आणि तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातील माणूस कित्येक पिढ्या सुरतेकडे येत आला आहे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत अहिराणी कानावर पडते ती त्यामुळेच. ओडिशातील गंजाम, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेले कामगार या वाटेवरचे सहप्रवासी होत.

४ मे २०२० रोजी वरेली येथे परत गावी जाऊ द्यावे म्हणून रस्त्यावर आलेले कामगार आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. टाळेबंदीने काम बंद, मजुरी बंद, पण खोलीचे भाडे चालू, अशी ती स्थिती होती. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ८ जुलै २०२० रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. प्रधानमंत्री आवास योजनेचीच ती एक शाखा होती. तिच्यामागे असलेली कल्पना अशी की घरे वेगाने, स्वस्तात, पर्यावरणाला कमी इजा करून उभारावीत आणि त्यासाठी कारखान्यात तयार झालेले भाग जागेवर आणून जोडावेत. ज्याला बोलीत प्रीफॅब म्हणतात, त्या पूर्वनिर्मित घराकडे गेल्या काही वर्षांत अशा मोठ्या आशेने पाहिले गेले आहे. ही आशा कडोदऱ्याच्या संदर्भात कितपत खरी ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तंत्राची बाजू आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी वर्गात आणि वर्तमानपत्रांतही बरीच ढिलाई आढळते. १ जानेवारी २०२१ रोजी देशात सहा ठिकाणी नव्या बांधकामतंत्रांच्या पथदर्शी प्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांना लाइट हाउस प्रकल्प असे नाव आहे आणि प्रत्येकात हजाराच्या आसपास घरे आहेत. इंदूरला दोन पातळ तावांमध्ये हलका भराव असलेल्या तयार भिंती, चेन्नईला काँक्रीटचे आधी ओतून ठेवलेले खांब, तुळया व फलक, रांचीला खोलीच्या खोली कारखान्यात ओतून ती क्रेनने रचण्याची पद्धत, आगरतळ्याला पत्र्याच्या हलक्या पोलादी चौकटी, अशी ही विभागणी आहे. लखनौच्या प्रकल्पात प्लास्टिकचा साचा भिंतीतच कायम राहतो. गुजरातच्या वाट्याला आलेला राजकोटचा प्रकल्प मात्र काटेकोर अर्थाने पूर्वनिर्मित नाहीच. तेथे पोलादी साचे जागेवर उभे करून भिंत आणि छत एकाच वेळी ओतले गेले. साचा तयार असतो, घर तयार नसते. तरीही या सर्वांना सर्रास ‘रेडीमेड घरे’ म्हटले जाते.

या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान आहे आणि टीकेचा खरा मुद्दा तेथे आहे. साचा महाग असतो, क्रेन महाग असते, फलक वाहून आणणे महाग असते. तोच साचा शेकडो वेळा वापरला गेला तरच एका घरामागचा खर्च उतरतो. म्हणून हे तंत्र एकाच जागी हजार घरे मागते. हजार घरांची एकसलग जमीन शहराच्या मध्यात किंवा गिरणीच्या दाराशी मिळत नाही. ती शहराच्या कडेला, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे मिळते. वरवर पाहता माणूस तंत्र निवडतो, वस्तुतः तंत्र जागा निवडते. आणि पाळीच्या भोंग्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी जागा हीच घराची पहिली भिंत असते. कडोदऱ्यातील खाजगी चाळमालकाने शेताच्या कडेला बांधलेल्या खोल्यांची रांग, वर सिमेंटचा पत्रा, सामाईक नळ व संडास, हे दृश्य समर्थनीय मुळीच नाही. परंतु ती खोली मिलच्या दरवाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. बारा तासांची पाळी संपवून निघालेल्या माणसाला येण्याजाण्याचे दीड-दोन तास परवडत नाहीत.

याचा पुरावा सदर योजनेच्या पोटातच आहे. तिचा पहिला नमुना नवी घरे बांधण्याचा नव्हता. आधीच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात बांधून रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांना २५ वर्षांच्या कराराने भाड्याची घरे करण्याचा तो होता. योजना जाहीर झाली तेव्हा देशात अशी रिकामी घरे १ लाखाच्या आसपास होती. सुरत शहरात त्यांपैकी ३९३ घरे भाड्याच्या संकुलात रूपांतरित झाली. ज्या देशात घरांची टंचाई आहे त्याच देशात गरिबांसाठी बांधलेली लाखभर घरे कुलूपबंद राहतात, तेव्हा उणीव भिंतींची होती असे कसे म्हणता येईल? घरे होती, पण ती काम असलेल्या ठिकाणी नव्हती, किंवा त्यांत पाणी, वीज, रस्ता यांपैकी काहीतरी नव्हते. कडोदरा तर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहराच्या नोंदवहीतली ३९३ घरे तेथील कामगाराच्या दृष्टीने दुसऱ्याच गावात आहेत.

दुसरा नमुना खाजगी संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर संकुले बांधण्याचा. येथे नवतंत्र वापरणाऱ्यास केंद्राकडून अनुदान ठरवले गेले : ३० चौरस मीटरपर्यंतच्या एका शयनगृहाच्या घरास ६०,००० रुपये, दोन शयनगृहांच्या घरास १ लाख, सामूहिक निवासातील एका खाटेस २०,०००. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांची स्वतंत्र शाखा असून तंत्रासाठीचे अनुदान चौरस मीटरच्या हिशेबाने दिले जाते. ही तरतूद वाचताना एक प्रश्न राहून राहून पडतो. बक्षीस तंत्राला आहे, अंतराला का नाही? गिरणीपासून चालण्याच्या टप्प्यात घर बांधणाऱ्यास, मग ते साध्या विटांचे का असेना, अधिक अनुदान मिळाले असते तर या योजनेचे फलित निराळे दिसले असते.

आणि खाजगी संस्थेची स्वतःची जमीन म्हणजे कडोदऱ्यात पुष्कळदा कोणाची जमीन? मिलमालकाची. मालकाच्या आवारात मालकाचे घर मिळाले की नोकरी आणि छप्पर एकाच दोरीला बांधले जातात. कामावरून काढले की रात्रीपर्यंत खोलीही खाली करायची. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्याने योग्य निवासाची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. तो कायदा आता २०२० च्या संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. जुन्या कायद्याने निवासाची जबाबदारी सांगितली होती, मात्र नोकरी गेल्यावर डोक्यावरच्या छपराचे काय, याचे उत्तर त्यातही नव्हते.

फिरत्या घराचा जुना नमुना

खरे तर कडोदऱ्याच्या परिसरात पूर्वनिर्मित, सुटे करता येणारे, वाहून नेता येणारे घर कधीपासूनच आहे. त्याला कोणी तंत्र म्हणत नाही इतकेच. बारडोली भागात दरवर्षी ऊसतोडीसाठी खानदेशातून आणि डांगातून मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून दक्षिण गुजरातच्या कोणत्याही श्रमविषयक चर्चेत तो टाळता येत नाही. हे मजूर शेताकडेच्या पडावावर बांबू, चटई, पाचट आणि प्लास्टिकचा कागद यांच्या कोप्या उभ्या करतात. एका दुपारीत घर उभे राहते, हंगाम संपला की तासाभरात मोडते, आणि बांबू-कागद डोक्यावर घेऊन माणसे पुढे जातात. वेग, कमी खर्च, कमी साहित्य, पुन्हा वापर, या चारही निकषांवर कोपी उत्तीर्ण होते. जाहिरातीतल्या कोणत्याही प्रीफॅब घराने तिच्याशी स्पर्धा करून पाहावी.

मग कोपी घर का नाही? ती ठेंगणी आहे, ओली होते, पेटते, हे तर आहेच. परंतु तिची मुख्य उणीव तिच्या खालच्या जमिनीत आहे. जमीन दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याचे, शौचाला शेत आणि मुलांना शाळा नाही. ही कोपी उद्या पोलादी चौकट आणि उष्णतारोधक फलकांची केली तरी या उणिवांपैकी एकही भरून निघत नाही.

जागतिक पातळीवर याचे एक चांगले उदाहरण आहे. स्वीडनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आणि आयकिया प्रतिष्ठानाच्या सहकार्याने ‘बेटर शेल्टर’ हे सुमारे १७.५ चौरस मीटरचे निर्वासितांचे घर विकसित झाले. सपाट खोक्यांत येते, काही तासांत जोडले जाते, सोबत सौर दिवा असतो. डिसेंबर २०१५ मध्ये झुरिकच्या प्रशासनाने आगीच्या चाचणीनंतर ही घरे वापरण्याचे रद्द केले, आणि जानेवारी २०१७ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार दिला. परीक्षक आणि रहिवासी यांच्या कसोट्या किती वेगळ्या असू शकतात, हे यावरून दिसते. तंबूपेक्षा ते घर चांगले होते हे निर्विवाद, पण त्याची तुलना तंबूशी व्हावी की घराशी?

दिल्लीचा कारखाना, कल्याणच्या बराकी

आपल्याकडे पूर्वनिर्मित घराचा इतिहासच मुळी विस्थापनातून सुरू होतो. फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी घरे बनवावीत म्हणून १९४८ मध्ये दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखान्याची योजना आकाराला आली. जर्मनीतून आलेले वास्तुरचनाकार ओटो क्योनिग्सबर्गर त्या वेळी केंद्राचे गृहनिर्माण संचालक होते. फेसाळ काँक्रीटचे हलके फलक यंत्राने पाडायचे आणि जागेवर घरे जोडायची अशी कल्पना होती. फलक तडकू लागले, तुटू लागले, संसदेत टीका झाली आणि ज्या निर्वासितांसाठी हा खटाटोप होता त्यांच्यापर्यंत ती घरे पोहोचली नाहीत. १९५३ मध्ये त्या कारखान्याची हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी ही कंपनी झाली, १९७८ मध्ये नाव हिंदुस्तान प्रीफॅब असे बदलले. मधल्या काळात या कारखान्याने विजेचे खांब आणि रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर मोठ्या प्रमाणावर बनवले. घर सोडून बाकी सारे त्याला उत्तम जमले, असे थोडे कडवटपणे म्हणावेसे वाटते.

त्याच वर्षांत कल्याणजवळ नेमके उलट घडत होते. युद्धकाळातील लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवण्यात आले. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक म्हणजे तयार घरच, परंतु सैनिकांसाठी तयार केलेले : लांबच लांब, आडभिंत नसलेले. लोकांनी गोणपाट, पत्रे, फळ्या लावून त्यांत खोल्या पाडल्या, पुढे दुकाने काढली, माळे चढवले. आज उल्हासनगरच्या बांधकामांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत व त्या रास्तही आहेत. तरीपण निर्वासितांना नुकसानभरपाई आणि पुनर्वसन देणाऱ्या १९५४ च्या कायद्याने ताब्यातल्या जागेवर मालकीहक्क मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि सनद हाती आल्यावर बराकीचे घर झाले. दिल्लीच्या कारखान्यात भिंत होती, जमीन व हक्क यांचा विचार नव्हता. कल्याणला भिंत ओबडधोबड होती, हक्क मात्र आला. टिकले कोणते, ते समोर आहे.

येथे शब्दांकडे वळणे आवश्यक आहे, कारण योजनेची भाषा बरेच काही सांगते. फाळणीतून आलेल्याला मराठीने ‘निर्वासित’ म्हटले, म्हणजे ज्याचा वास काढून घेतला गेला तो. उर्दूने ‘मुहाजिर’ म्हटले. त्या शब्दात हिजरतीची प्रतिष्ठा आहे, गमावल्याइतकेच सोडून निघण्याचे धैर्य आहे. कडोदऱ्याच्या कामगाराला शासन ‘स्थलांतरित’ म्हणते. जणू तो आपखुशीने एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी गेला. तापीवरचे उकाई धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले आणि सोनगड, उच्छल, निझर भागातील तसेच नवापूरच्या बाजूची गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतील कुटुंबांतून जो पुढे मजुरीला बाहेर पडला, त्याला विस्थापित म्हणावे की स्थलांतरित? विस्थापिताला पुनर्वसनाचा हक्क असतो, स्थलांतरिताला फार तर भाड्याची सवलत असते. एका शब्दाच्या फरकाने हक्काची सवलत होते.

‘परवडणारे’ या विशेषणाचेही तसेच. मराठीत परवडणे हे क्रियापद चतुर्थी मागते : कोणाला परवडते? योजनांच्या मजकुरात ही चतुर्थी गाळलेली असते. भाडे स्थानिक प्रशासनाने पाहणी करून ठरवावे आणि दर दोन वर्षांनी ८ टक्क्यांपर्यंत वाढवता यावे, अशी २०२० च्या योजनेची तरतूद होती. मजुरी त्याच गतीने वाढेल याची मात्र तरतूद नाही. उर्दूत या ठिकाणी ‘किफायती’ येतो. त्याचे अरबी मूळ ‘पुरेसे होणे’ या अर्थाचे आहे. स्वस्त घर पुरेसे असेलच असे नाही. सुरतेच्या साडीधंद्यात कामगाराच्या घरातील स्त्रिया साडीला लेस किंवा टिकल्या लावण्याचे, धागे कापण्याचे काम घरीच करतात. पाच-सहा मीटर कापड पसरायला जमीन लागते, टिकली दिसायला उजेड लागतो. ३० चौरस मीटरच्या आराखड्यात स्वयंपाक आहे, झोप आहे, कारखाना नाही. त्या घरातले काही उत्पन्न ज्या जमिनीवर बसून मिळते, ती आराखड्यात धरलेली नसते.

इंदूर शहर या बाबतीत मोठे बोलके आहे. पूर्वनिर्मित भिंतींचा १,०२४ घरांचा लाइट हाउस प्रकल्प तेथे आहे, आणि बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेली अरण्य वसाहतही तेथेच आहे. अरण्यमध्ये सुमारे ६,५०० भूखंडांचा आराखडा होता. दोशींनी नमुना म्हणून ८० घरे बांधली. बाकी गरीब कुटुंबांना भूखंड, जोते आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला, वरचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. १९९५ मध्ये या प्रकल्पास आगाखान पुरस्कार मिळाला. येथे यंत्रणेने जे करावे ते केले, म्हणजे पाण्याचा व मैल्याचा भाग, जो माणसाला एकट्याने करता येत नाही. उरलेले माणसावर सोडले. अरण्यची सर्वच घरे मूळ गरिबांकडे राहिली असा दावा करण्याचे कारण नाही. पण घर वाढू शकते हे तत्त्व तेथे होते, आणि नऊ मजली फलकांच्या इमारतीत ते संभवत नाही. तयार फलकात खिडकी वाढवता येत नाही. काही प्रकारांत तर पाळण्याचा आकडा ठोकतानाही विचार करावा लागतो.

जमिनीच्या हक्काचा मुद्दा गुजरातच्या अलीकडच्या इतिहासातही कठोरपणे समोर आला आहे. २००२ च्या दंगलींत उखडल्या गेलेल्या मुस्लिम कुटुंबांसाठी सामाजिक व धार्मिक संस्थांनी ठिकठिकाणी पुनर्वसन वसाहती बांधल्या. काम वेगाने झाले, आणि ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु घाईत मिळेल ती जमीन घ्यावी लागली. अहमदाबादचे सिटिझन नगर पिराणाच्या कचऱ्याच्या डोंगराला लागून आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या सदस्यांनी अशा वसाहतींना भेटी दिल्या आणि मूलभूत सोयींच्या अभावाची नोंद केली. घराचा कागद राहणाऱ्याच्या नावावर नसणे ही अनेक वसाहतींची जुनी दुखरी नस आहे. देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, म्हणून हा प्रश्न आपल्या संस्थांनी अधिक निर्भीडपणे विचारायला हवा.

राहता राहिला ‘टिकाऊपणा’. इंग्रजीतून आलेल्या या संकल्पनेला मराठीत ‘शाश्वत’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. घराच्या बाबतीत हा शब्द जरा भव्यच होतो. उर्दूतील ‘पायदार’ त्यापेक्षा नेमका आहे : ज्याला पाय आहे, जो उभा राहतो. सुरतेच्या पावसाळ्यात पूर्वनिर्मित घराचा पाय त्याच्या सांध्यात असतो. फलक उत्तम, पण दोन फलकांमधली चीर भरणारा मसाला काही वर्षांनी कडक होऊन सुटतो आणि पाणी आत येते. विटांची भिंत गळली तर गावातला गवंडी येऊन लिंपतो. फलकाचा सांधा गळला तर गवंड्याला तो कळत नाही आणि कंपनीचा माणूस येत नाही. पर्यावरणाचा हिशेब मांडताना सिमेंट किती वाचले हे मोजतात, दुरुस्तीअभावी दहा वर्षांत टाकून दिलेली खोली त्या हिशेबात येत नाही.

कडोदऱ्यासारख्या ठिकाणी मध्यम वाट साहित्याच्या बाजूने तरी उपलब्ध आहे. मिलच्या बॉयलरमध्ये कोळसा जळतो आणि राख उरते. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचा विटांत वापर बंधनकारक करण्यास सुरुवात केली आणि राखेच्या विटा आता सर्वत्र परिचित आहेत. छोट्या साच्यातले, दोन माणसांना उचलता येतील असे छताचे आणि भिंतीचे भाग क्रेनशिवाय, वीस-पंचवीस खोल्यांच्या जागेवरही वापरता येतात. मग हजार घरांची सलग जमीन शोधत शहराबाहेर जावे लागत नाही, आणि मोडले तर त्याच साच्यातला भाग पुन्हा पाडता येतो.

मात्र हे भाग पाडणारा, जोडणारा आणि सांधा भरणारा कारागीर कोठून येणार, हा प्रश्न उरतो. सामुदायिक महाविद्यालयांतील बांधकामाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात वीटकाम, गिलावा, फरशी, नळजोडणी हे विषय असतात. त्यांत फलकांच्या सांध्याचे काम, लहान साचे ओतणे, पोलादी चौकट गंजू नये म्हणून घ्यायची काळजी, आणि भाडेकरार वाचून समजून घेणे, एवढे चार घटक घालायला फार खर्च येत नाही. यांतला शेवटचा घटक बांधकामाच्या वर्गात का, असे कोणी विचारील. विद्यार्थ्यांतले बरेच जण स्वतः अशाच खोल्यांत राहतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती भाड्याची पावतीसुद्धा नसते.